थेरपिस्ट चुकीचा आहे की मीच टाळतेय, हे कळतं कसं?

अर्धाकप (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, आज धागा काढायची हिंमत केलीये, सांभाळून घ्या.

पुण्यात असते, आयटीत, चाळिशीला टेकलेय. गेल्या वर्षी बाबा गेले. आजारपण लांबलं होतं, हॉस्पिटल, रात्रीचा अटेंडंट, बिलं, सगळं मीच बघितलं, भाऊ बाहेर असतो तो अगदी शेवटी आला, सगळ्या नातेवाईकांशी छान बोलला आणि तेराव्यानंतर परत गेला. मी रडले वगैरे नाही, लगेच कामाला लागले. आणि मग काही महिन्यांनी आईवर, लेकावर, ऑफिसातल्या ज्युनिअर पोरांवर खेकसायला लागले, पहाटे तीनला झोप उडायची ती उडायचीच. नवरा म्हणाला कुणाशी तरी बोल. मैत्रिणीने तिच्या ओळखीतलं नाव दिलं, जायला लागले.

बाई चांगल्या आहेत हो. शांत, वेळेच्या पक्क्या, मधे फोन घेत नाहीत. पण दर वेळी मी आठवड्याचा रिपोर्ट देते, त्या मान हलवतात, पन्नास मिनिटं संपतात, मी पैसे ट्रान्सफर करून बाहेर. मागच्या वेळी म्हणाल्या बाबांना एक पत्र लिहून आणा. मला ते इतकं नाटकी वाटलं की मी पुढची अपॉइंटमेंटच पुढे ढकलली.

आता प्रश्न असा की माणूस माझ्यासाठी चुकीचं आहे, की अवघड जागा आली म्हणून मी पळवाट शोधतेय? हे आतून कळत नाहीये. आणि बदलायचं ठरवलं तर नवीन माणूस शोधायचा कसा, गूगलवर सगळ्यांनाच साडेचारच्या वर स्टार आहेत.

तिरकस

पुण्यात मिसळीलासुद्धा साडेचार स्टार देताना लोक आधी भांडतात, हे वाचून थेरपिस्ट लोकांबद्दलचा आदर वाढला.

(हलके घ्या. बाबांचं वाचून वाईट वाटलं.)

नऊवारी

अर्धाकप, तुला मोठी मिठी. भावाबद्दलचं वाक्य वाचून मला माझा दीर दिसला. बाकी सल्ला देण्याची लायकी नाही, वाचतेय.

रात्रपाळी

मी या प्रकारात बराच हिंडलोय म्हणून लिहितो, लांबण लागेल.

पहिले भेटले ते गृहस्थ वयाने मोठे, दारावर डिग्र्यांची रांग. मी सांगत होतो की घरी गेलो की छाती भरून येते, आईशी एक वाक्य धड बोलता येत नाही. त्यांनी मला आईने काय काय सोसलं असेल यावर लेक्चर दिलं. बाहेर पडलो तेव्हा आईबद्दल अपराधी वाटत होतं आणि छाती तशीच. नंतर एका मॅडमकडे गेलो त्या दुसऱ्याच भेटीत म्हणाल्या तुमची एनर्जी ब्लॉक आहे, आमचं वीकेंडला शिबिर असतं. तिथून सरळ उठलो.

आता ज्यांच्याकडे जातो त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, 'सहा महिन्यांनी इथे यायची गरज उरली नाही असं समजा, तर तुमच्या रोजच्या दिवसात काय वेगळं झालेलं असेल?' मला उत्तर देता येईना. मग त्या म्हणाल्या चला, आधी तेच शोधू. त्यानंतर प्रत्येक वेळी आपण काय करतोय आणि कशासाठी, हे मला माहीत असतं. कधी कधी त्या मला न आवडणारं बोलतात, एकदा तर दोन दिवस राग होता डोक्यात. पण तिथून उठून जावंसं वाटलं नाही, उलट पुढच्या वेळी जाऊन भांडलो.

तर अर्धाकप, तुमच्या बाईंनी हे कधी विचारलं का, की तुम्हाला नक्की काय हवंय?

शंकासुर

मूळ प्रश्नाच्या आधीचा प्रश्न. आपल्याकडे थेरपिस्ट अशी पाटी कोण लावू शकतं? माझ्या सोसायटीत एक काकू रेकी, टॅरो आणि कौन्सेलिंग एकाच व्हिजिटिंग कार्डावर करतात.

बे_एके_बे

तुमच्या सोसायटीत पॅकेज डील आहे, आमच्याकडे वेगवेगळे पैसे पडतात.

पर्णिका

मी याच क्षेत्रात आहे, म्हणून शंकासुर यांना आधी उत्तर.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, ते एमबीबीएस करून पुढे एमडी किंवा डीपीएम (मानसोपचाराची पदविका) झालेले डॉक्टर, यातले फक्त तेच औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे एम.ए.नंतर क्लिनिकलचं दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेले, बहुतेकांचं ते एम.फिल. असतं, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असावी लागते. तो नोंदणी क्रमांक बिनधास्त मागा, कुणी चिडलं तर तिथेच तुमचे पैसे वाचले. तिसरा आणि सगळ्यात मोठा गट एम.ए. करून कौन्सेलिंग करणाऱ्यांचा. यांच्यासाठी अशी सक्तीची नोंदणी आजवर नव्हती. २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा झाला, त्यात हा वर्ग आणलाय, पण अंमलबजावणी सावकाश चाललीये. त्यामुळे उत्तम काम करणारे आणि टॅरोवाल्या काकू, दोघंही कौन्सेलर अशीच पाटी लावून बसू शकतात. अशा वेळी कुठून शिकलात, सुपरव्हिजन कुणाकडे घेता, हे विचारायचं. सुपरव्हिजन म्हणजे थेरपिस्ट स्वतःच्या केसेस नाव न सांगता वरिष्ठांसमोर मांडतो आणि आपलं कुठे चुकतंय ते तपासून घेतो. घेणारा माणूस या प्रश्नाने खूश होतो.

आता मूळ प्रश्न. एडवर्ड बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली मांडलं होतं की थेरपीतलं नातं तीन गोष्टींवर उभं असतं: दोघांमधला विश्वास, कुठे पोचायचंय याबद्दल एकमत, आणि त्यासाठी जे करतोय ते करण्यासारखं आहे याबद्दल एकमत. अर्धाकप, तुमच्याकडे पहिली गोष्ट बऱ्यापैकी दिसतेय. दुसरीबद्दल रात्रपाळींनी विचारलंच. तिसरी, म्हणजे ते पत्र, तिथे अडलंय. पत्र लिहायला लावणं ही शोकावर काम करताना नेहमी वापरली जाणारी पद्धत आहे, त्यात चूक नाही. पण ते आत्ता का, हे तुम्हाला सांगितलं का? आणि तुम्हाला ते नाटकी वाटलं हे तुम्ही त्यांना सांगितलं का?

अर्धाकप

पर्णिका, नाही सांगितलं. 'हो आणते' म्हणाले आणि रिक्षात बसून अपॉइंटमेंट पुढे ढकलल्याचा मेसेज टाकला. आणि काय हवंय हे त्यांनी विचारलेलं, मी 'झोप यावी' म्हणाले होते.

मनोहरपंत

आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. कट्टा होता, मित्र होते, चहावर सगळं मोकळं व्हायचं. आता ऐकून घ्यायलाही तासाचे दीड-दोन हजार.

खिडकीतलीसीट

मनोहरपंत, एक सांगा, त्या कट्ट्यावर 'वडिलांची सेवा करून करून मला त्यांचाच राग आला होता' असं कुणी कधी बोललं होतं का? माझे वडील कट्ट्यावर रोज जायचे आणि घरी कपाटात बाटली होती. कट्ट्याला कधीच कळलं नाही.

तिरकस

आता कट्ट्याचा धागा वेगळा काढा कुणीतरी.

मनोहरपंत

खिडकीतलीसीट, तुमचं म्हणणं मान्य आहे, मी चेष्टेत लिहिलं होतं तरी. उलट आमच्या पिढीतले काही जण आरईबीटीवर, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचारावर, वाढलेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास काढलेली पद्धत, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून रुजवली. मी नोकरीत असताना तिचं एक शिबिर केलं होतं. 'असं व्हायलाच हवं होतं' हा जो डोक्यातला हट्ट असतो तो उकलून दाखवतात. मला फार उपयोग झाला. पण माझ्या मिसेसना तेच शिबिर अजिबात मानवलं नाही, त्या म्हणाल्या, मला दुःख झालंय आणि हा माणूस माझ्याशी वाद घालतोय. पद्धत तीच, घर तेच. तेव्हा माणसागणिक फरक असतो एवढं मी नक्की सांगेन.

नऊवारी

काकूंना माझा नमस्कार सांगा, 'वाद घालतोय' हे एकदम पटलं.

वऱ्हाडी_ठेचा

तुम्ही पुण्या-मुंबईचे लोक हा का तो करून राहिले, आमच्या गावात निवडायला आहे कोण भाऊ? जिल्ह्याच्या ठिकाणी सायकियाट्रिस्ट आहेत, बरे आहेत, पण बाहेर पन्नास पेशंट बसलेले, तुमच्या वाट्याला पाच मिनिटं. गोळी लिहून देतात, गोळीने मला फायदाही झाला, नाही म्हणत नाही. पण बोलायचं कुठं? आणि वेटिंगमध्ये बसलो की ओळखीचा माणूस हमखास भेटतो, 'इकडे कसे काय?' मी सांगायचो बीपी दाखवाले आलो.

शेवटी ऑनलाइन सुरू केलं. घरात जागा नाही, भिंती पातळ, म्हणून गाडी एमआयडीसीच्या रोडवर लावून काच वर करून बसतो. उन्हाळ्यात एसी चालू ठेवून पेट्रोल जळते ते फीमध्येच धरतो. पण माझ्या मते ऑनलाइनने आमच्यासारख्यांची मोठी सोय केली. थेरपिस्ट ठाण्याच्या, मी इकडे, माझ्या काकाच्या व्याह्याला त्या ओळखत नाहीत हेच मोठं सुख.

आणि ज्यांना तेवढेही पैसे नाहीत त्यांच्यासाठी टेली-मानस आहे, १४४१६, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ती दर आठवड्याची थेरपी नव्हे पण रात्री दोनला जीव घाबरा झाला तर माणूस बोलतो.

पर्णिका

ठेचाभाऊंना अनुमोदन आणि त्यात एक भर. ज्यांच्या मनात जगू नये असे विचार येतायत त्यांनी योग्य थेरपिस्ट शोधण्यात दिवस घालवू नयेत. आजच घरच्या कुणाला तरी सांगावं, १४४१६ लावावा, किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जावं. निवडानिवड नंतर.

आणखी एक, झोप उडणं, चिडचिड, थकवा असेल तर थायरॉइड आणि बी-१२ एकदा तपासून घ्या. थायरॉइड बिघडलेला असला की ते पुष्कळदा डिप्रेशनसारखंच दिसतं.

शंकासुर

गोपनीयतेचं काय पण? माझ्या भाचीच्या कौन्सेलरने तिच्या आईला फोन करून सगळं सांगितलं. भाची २३ वर्षांची आहे.

पर्णिका

हे चूक आहे, सरळ चूक. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयता हा हक्क म्हणूनच दिलाय. अपवाद आहेत, जिवाला धोका असेल तर वगैरे, पण आईला काळजी वाटते हा अपवाद नाही. चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत न विचारता सांगतो की काय गुप्त राहील आणि कुठल्या परिस्थितीत नाही राहणार. भाचीला म्हणावं दुसरीकडे जा, यात विचार करण्यासारखं काही नाही.

बे_एके_बे

पैशाचं कुणी धड बोलत नाहीये म्हणून मीच बोलतो. आठवड्याला दीड हजार म्हणजे महिन्याला सहा, ईएमआय आणि पोरांच्या क्लासनंतर एवढे उरत नाहीत राव. इन्शुरन्सवाल्याला विचारलं तर कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असं आहे, पण पॉलिसी मुळात अ‍ॅडमिट झाल्यावरची, ओपीडीतलं बोलणं त्यात बसत नाही. ज्यांच्याकडे ओपीडी कव्हर असेल त्यांनी नियम बारकाईने वाचा, आणि कंपनीत इएपी नावाचा प्रकार असतो, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी कंपनीने ठेवलेली कौन्सेलिंगची सोय, त्यात काही सेशन्स फुकट मिळतात.

मी काय केलं, सरळ विचारलं की कमी होईल का. आधी लाज वाटली. त्यांनी सांगितलं की त्या आठवड्यातल्या काही जागा कमी फीसाठी ठेवतात, फक्त दुपारची वेळ घ्यावी लागेल. लंच ब्रेकमध्ये करतो आता. मुंबईत केईएम, नायर, सायनला सायकियाट्रीची ओपीडी आहे, केसपेपरचे नाममात्र पैसे, गर्दी प्रचंड पण डॉक्टर चांगले.

प्राजक्त०७

एक मुद्दा आला नाही अजून, लिहू की नको करत होतो.

ऑफिसात माझ्या आडनावावरून, आरक्षणाच्या कोट्यावरून जे हसतखेळत बोललं जातं त्याचा मला त्रास व्हायचा, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा. थेरपिस्टला सांगितलं. अत्यंत सभ्य बाई. म्हणाल्या, आता शहरात कुठे राहिलीये जात, तुम्ही ते लोकांच्या मनात आहे असं गृहीत तर धरत नाही ना? त्या दिवशी मी गप्प झालो. पुढचे काही आठवडे झोपेबद्दल बोललो, बॉसबद्दल बोललो, त्या विषयाबद्दल एक अक्षर नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं छान प्रगती चालू आहे.

आता मी फोनवरच विचारतो, जातीच्या अनुभवाबद्दल बोलणाऱ्या लोकांसोबत काम केलंय का. उत्तरापेक्षा उत्तराआधीचा पॉज ऐकतो.

तिरकस

विषय गंभीर आहे म्हणून गंभीरपणे विचारतो, टोमणा नाही. मग आपल्याच जातीचा थेरपिस्ट शोधायचा का? बाईने बाई, विदर्भवाल्याने विदर्भवाला? जो वेगळा आहे त्यालाच आपलं सांगता आलं तर जास्त उपयोग नाही का?

प्राजक्त०७

आपल्याच जातीचा हवा असं मी कुठे म्हटलं? माझे आताचे थेरपिस्ट माझ्या जातीचे नाहीत. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, 'यातलं मला सगळं माहीत असेल असं नाही, पण तुमचं खोटं आहे का हे मी तपासत बसणार नाही.' मला तेवढं पुरलं.

तिरकस

मान्य. शब्द मागे.

खिडकीतलीसीट

तिरकसने शब्द मागे घेतले, स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

प्राजक्त, तू लिहिलंस ते बरं केलंस. माझ्या मैत्रिणीला तिच्या पार्टनरबद्दल, दोघीही मुलीच, सांगितल्यावर 'ही फेज असू शकते' ऐकावं लागलं होतं. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्वीअर लोकांसोबत काम करणाऱ्या कौन्सेलर्ससाठी कोर्स आहे, तो केलेलं कुणी तिने शोधलं.

भूपाळी

न्यू जर्सीहून. इकडे थेरपिस्टचं लायसन्स राज्यागणिक असतं, मी पेनसिल्व्हेनियात हलले तर साधारणपणे तिथलं लायसन्स असलेलाच शोधावा लागेल. इन्शुरन्सच्या नेटवर्कमधला की बाहेरचा, हीच पहिली चाळणी, त्यातून उरलेल्यांत मला हवा तसा म्हणजे उरतात चार, आणि ते चौघं नवीन पेशंट घेत नाहीत.

माझी थेरपिस्ट अमेरिकन आहे, हुशार आहे, पण सासू सहा महिने येऊन राहते यात 'तुम्ही नको का म्हणत नाही' इथून सुरुवात. समजावून सांगण्यातच निम्मा तास. शेवटी डिरेक्टरीत भाषेचा फिल्टर लावून एक गुजराती बाई मिळाल्या. मराठी नाही मिळाली, पण 'ओटी भरणं राहिलं म्हणून सासू रुसली' हे वाक्य सांगितल्यावर त्या हसल्या, आणि मला जवळजवळ रडू आलं.

नऊवारी

भूपाळी, मग सासूबाईंचं काय झालं?

भूपाळी

पुढच्या महिन्यात येतायत.

रात्रपाळी

अर्धाकप गायब आहेत, ठीक आहात ना?

अर्धाकप

आहे आहे. सगळं वाचत होते, आणि मधल्या काळात जाऊन आले. म्हणून आता सविस्तर.

बसल्या बसल्या सांगून टाकलं, की पत्राचं मला नाटकी वाटलं, मी मुद्दाम पुढे ढकललं, आणि मला इथे नक्की काय चाललंय तेच कळत नाहीये. आवाज चढला होता माझा. मला वाटलं त्या दुखावतील किंवा ते मऊ आवाजातलं 'हे बोललात ते छान केलंत' ऐकवतील. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, पत्र मी घाईने दिलं, तुम्हाला विचारायला हवं होतं. आणि मग विचारलं, पत्र लिहायचंच झालं तर ते बाबांना असेल की भावाला?

त्यानंतर पन्नास मिनिटं भाऊ. बिलांचे आकडे मला पाठ आहेत हे मलाच माहीत नव्हतं. त्याने एअरपोर्टवरून पाठवलेला 'टेक केअर' मेसेज अजून ठेवलाय मी. झोपेबद्दल एक शब्द झाला नाही.

तरी मी पूर्ण समाधानी आहे असं नाही. हे आधीच का नाही विचारलं, हा राग आहेच त्यांच्यावर. आणि मला अजूनही वाटतं की मला जरा जास्त बोलणारं, मधेच अडवणारं माणूस मानवेल, त्या फारच शांत आहेत. तेही सांगितलं. त्या म्हणाल्या आपण दिवाळीपर्यंत बघू, मी थोडं जास्त बोलून बघते, तरी नाही जमलं तर मीच तुम्हाला नावं देईन. हे ऐकून मात्र बरं वाटलं, बदलायचं झालं तर चोरून जायला नको.

पर्णिका

स्वतःहून दुसरी नावं देईन म्हणणारा थेरपिस्ट असेल तर मी दिवाळीपर्यंत थांबले असते. तुम्ही जे सांगितलंत ते ऐकवायला लोकांना फार जड जातं, आणि ते ऐकल्यावर समोरचा काय करतो त्यावरून जितकं कळतं तितकं कुठल्या डिग्रीवरून कळत नाही. सारवासारव केली, उलट तुमच्यावरच ढकललं, 'हा तुमचा रेझिस्टन्स आहे' एवढं बोलून विषय संपवला, तर निघायचं. तुमचा आधीचा प्रश्न होता ना, टाळतेय की चुकीचं माणूस? दोन्ही थोडं थोडं होतं असं मला दिसतंय.

शंकासुर

पण सगळ्यांना असं तोंडावर सांगता येतं का? माझी भाची तर कॉलरचा रंग आवडला नाही हेही दुकानदाराला सांगू शकत नाही.

प्राजक्त०७

मेसेज करायचा. मी लिहूनच पाठवलं होतं, 'पुढच्या वेळी याबद्दल बोलायचंय, मी विसरलो तर तुम्ही काढा.' निघतानासुद्धा लिहून निघता येतं. कारण द्यायलाच हवं असं नाही.

मनोहरपंत

अर्धाकप, भावाला पत्र लिहिलंत की नाही?

अर्धाकप

लिहिलं. पाठवणार नाहीये. चार पानं झालीत आणि त्यात शिव्या आहेत, काका.

तिरकस

चार पानांवरून आठवलं, वऱ्हाडीभाऊ, गाडी लावून बसता तेव्हा पोलीस नाही येत का विचारायला?

वऱ्हाडी_ठेचा

एकदा आला होता. काचेवर टकटक. मी म्हटलं मीटिंग चालू आहे साहेब. स्क्रीनवर मॅडम दिसल्या, म्हणाला ठीक आहे, चालू द्या. मग मॅडमनी विचारलं कोण होतं, आणि पुढची वीस मिनिटं मी मीटिंग का सांगितलं यावरच गेली.

गोदाकाठ

सगळा धागा वाचला, कामाची माहिती आहे. नाशिकमध्ये कुणाला माहीत आहे का कुणी, जे संध्याकाळी सातनंतर वेळ देतात? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, शक्यतो बाई, बोलणाऱ्या. वडिलांसाठी हवंय, वय ७१, 'वेड्यांच्या डॉक्टरकडे येणार नाही' म्हणतायत, त्यामुळे पाटी फार मोठी नको.

खिडकीतलीसीट

व्यनि (खाजगी निरोप) करते. पाटी छोटी आहे, पण दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. गुडघे बरे आहेत ना बाबांचे?